तेल विमानाला, पेंड कलमांना

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आंब्याचा हंगाम आवरत आलेला. रिकाम्या पेट्या पडवीच्या कोपऱ्यात रचलेल्या, आणि दक्षिणेकडे जरा ढग दिसला की काकांचं लक्ष अंगणातल्या वाळवणाकडे. वाळवण उंडीचं होतं. आमचं घर रत्नागिरीजवळ, खाडीच्या अंगाला. काठावर उंडीची पाच जुनी झाडं आहेत. रात्री वटवाघळं फळांचा गर खातात आणि गोट्यांसारख्या बिया खाली टाकतात. सकाळी त्या टोपलीत वेचायच्या, जांभ्या दगडावर ठेवून फोडायच्या आणि आतला पांढरट गर सुपात पसरून उन्हात ठेवायचा. ताज्या गरातून तेल निघत नाही. काही आठवडे उन्हं खाऊन तो तांबूस, चिकट झाला, चिमटीत धरल्यावर बोटाला तेल लागायला लागलं, की घाण्यावर न्यायचा. हिरवट, दाट, उग्र वासाचं हे कडू तेल एके काळी देवळातल्या समयांत जळायचं आणि मच्छीमारांच्या होड्यांना लागायचं. आमच्याकडे आता ते गुरांच्या जखमांना आणि काकांच्या गुडघ्यांना लागतं.

मी पुण्यात इंधनाच्या क्षेत्रात काम करते. वनस्पती तेलापासून विमानाचं इंधन करता येतं आणि त्यातून शेतकऱ्याला नवं गिऱ्हाईक मिळेल, यावर माझा विश्वास. काका पन्नास वर्षं आंब्याची कलमं आणि भात करतायत, आणि त्यांचा विश्वास फक्त हातात आलेल्या पैशांवर. त्या दुपारी उंडी फोडता फोडता आम्ही बोललो ते इथं देते आहे. संध्याकाळी एक हिशेब कागदावर उरला होता. तो आमच्या दोघांपुरता राहू नये असं मला वाटलं.

मी : काका, हे तेल तुम्ही गुडघ्यांना चोळता. अशाच तेलांवर विमानं उडाली आहेत.

काका : अगो, तेल आहे म्हटल्यावर जळणारच. समईत जळतं ते इंजिनातही जळेल. मला सांग, ते वेचणाऱ्या बाईला काय मिळेल?

मी : तिच्यापर्यंत येते. पण आधी एवढं ऐका, की ही हवेतली गोष्ट राहिलेली नाही. तेल तसंच टाकीत ओतत नाहीत. हायड्रोजनबरोबर दाबाखाली तापवून त्यातला ऑक्सिजन काढतात, मग त्याच्या लांब साखळ्या तोडतात आणि त्यांना फांद्या फोडतात, म्हणजे वर कडाक्याच्या थंडीत ते गोठत नाही. शेवटी हाती येतं ते रॉकेलच्या जातीचं, नेहमीच्या विमान इंधनासारखंच. साध्या इंधनात ते निम्म्यापर्यंत मिसळायला २०११ पासून मान्यता आहे आणि इंजिन बदलावं लागत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये लंडनहून ॲमस्टरडॅमला गेलेल्या एका विमानाच्या एका इंजिनात खोबरेल आणि बाबासू ताडाच्या तेलापासून केलेलं इंधन २० टक्के होतं. त्याच वर्षी ३० डिसेंबरला न्यूझीलंडमध्ये मोगली एरंडाच्या इंधनावर चाचणी झाली. आपल्याकडे २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीला विमान गेलं, त्यातही मोगली एरंड होता. तेल छत्तीसगडच्या शेतकऱ्यांचं आणि इंधन डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनं केलेलं.

काका : मोगली एरंडाचं नाव माझ्यासमोर काढू नकोस. आमच्याकडे त्याची वई असायची. भाजीच्या मळ्याभोवती फांद्या खोचल्या की झालं कुंपण, गुरं तोंड लावत नाहीत. ती वई सोडून कोणी त्याची शेती केली नव्हती. मग साधारण २००६ साली एक माणूस आला, रंगीत कागद घेऊन. पडीक जमिनीत लावा, पाणी नको, खत नको, तिसऱ्या वर्षापासून बी आम्ही उचलतो, म्हणाला. मी वरच्या कातळाच्या सड्याच्या कडेला सहाशे रोपं लावली. पाणी नको म्हणजे झाड मरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाणी-खत नसेल तर ते धरतही नाही. चौथ्या वर्षी दोन पोती बी निघालं. फोन केला तर तो नंबरच बंद. ती दोन पोती पडवीत याच कोपऱ्यात कुजली.

मी : तुमच्या एकट्याचं तसं झालं नाही, काका. देशभर तेच झालं. नियोजन आयोगाच्या समितीनं २००३ साली अहवाल दिला आणि मोगली एरंडाच्या लागवडीसाठी एक कोटी हेक्टरांहून जास्त जमीन धरली. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळायचं होतं. पुढे २००९ च्या धोरणात ती मुदत २०१७ वर गेली, आणि २०१८ च्या धोरणात लक्ष्यच २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आलं.

काका : मग चुकलं कुठे? तुम्ही शिकलेली माणसं कधी तपासता की नाही?

मी : दोन ठिकाणी. एक तर रोपं जंगली होती. निवड केलेलं, खात्रीचं वाण हातात नसताना वाणाचं उत्पन्न धरून कागद केले. दुसरी चूक भावाची. सरकारनं ऑक्टोबर २००५ मध्ये जैवडिझेलच्या खरेदीचं धोरण आणलं आणि लिटरला २५ रुपये भाव ठरवला. तेवढ्यात बी, गाळप आणि प्रक्रिया यांचा खर्चसुद्धा निघत नव्हता. मग कारखान्यानं बी कशाला घ्यावं?

काका : म्हणजे माल पिकवायला सांगितला आणि विकत घेणाऱ्याचे हात बांधून ठेवले. आता नवीन काय झालंय?

मी : आता खरेदीदारावर सक्ती येते आहे. आंतरराष्ट्रीय विमानांच्या धुरावर मर्यादा घालणारी योजना २०२७ पासून आपल्यालाही बंधनकारक होईल. म्हणून सरकारनं लक्ष्य ठेवलंय : आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के हिरवं इंधन. युरोपनं २०२५ पासून २ टक्क्यांची सक्ती केली, २०३० ला ती ६ होईल. हे इंधन आज साध्याहून कितीतरी महाग असलं तरी कंपन्यांना ते घ्यावंच लागेल. दर वेळी अडलं ते गिऱ्हाइकापाशी. या वेळी गिऱ्हाईक आहे.

काका : बरं, गिऱ्हाईक आहे. मग मी काय लावू? भुईमूग? विहिरीजवळच्या त्या एक एकरात भात काढल्यावर उन्हाळी भुईमूग होतो. दापोलीच्या विद्यापीठाचं कोकण गौरव चांगलं येतं. लिही तिथे कागदावर. सगळं जमलं तर आठ क्विंटल शेंगा. हमीभाव काय आहे?

मी : २०२५-२६ साठी क्विंटलला ७,२६३.

काका : म्हणजे ५८ हजार. आता तुझ्या विमानासाठी गाळ. आठ क्विंटल शेंगांचे साडेपाच क्विंटल दाणे, त्याचं सव्वादोनशे किलो तेल. विमान कंपनी साधं इंधन काय भावानं घेते?

मी : दर महिन्याला बदलतो. हिशेबापुरते लिटरला ९० रुपये धरा.

काका : तेलाला किलोमागे तेवढेच मिळाले समज. २० हजार झाले. पेंड सव्वातीनशे किलो, ४० रुपयांनी १३ हजार. एकूण ३३. शेंगा तशाच विकल्या तर ५८ आणि गाळून विमानाला दिल्या तर ३३. त्यातून रानडुकरांनी एक रात्र काढली वावरात तर दोन्हीकडे शून्य. लोक शेंगदाणा तेल खायला याच्या दीडपट-दुप्पट पैसे मोजतात. ताटातलं तेल टाकीत कोण घालील?

मी : कोणीच घालू नये, आणि मी तसं म्हणतही नाही. आपण वर्षाला दीड कोटी टनांहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल पामचं, सोयाबीनचं, सूर्यफुलाचं, परदेशातून येतं. ते कमी करायला ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानं १०,१०३ कोटींचं तेलबिया अभियान मंजूर केलं. अशा देशात भुईमूग, कारळे, तीळ विमानाला देणं म्हणजे आपल्याच घरात चोरी. युरोपच्या नियमातही अन्नपिकांपासूनचं इंधन धरत नाहीत. मी बोलतेय ते न खाण्याच्या तेलांबद्दल.

काका : न खाण्याचं पीक कुठल्या जमिनीत लावशील? खाण्याचं पीक काढून?

मी : अमेरिकेत आणि युरोपात कॅमेलिना आणि कॅरिनाटा नावाच्या मोहरीच्या जातीच्या वनस्पती दोन पिकांच्या मधल्या रिकाम्या काळात घेतात. आपल्याकडे भात कापल्यावर डिसेंबरपासून जूनपर्यंत किती मळे रिकामे असतात!

काका : रिकामे तुला पुण्याच्या गाडीतून दिसतात. ओल आहे तिथे कुळीथ आहे, पावटा आहे, वाल आहे. कुळथाची पिठी आमच्या रोजच्या जेवणात असते आणि मुंबईला पाठवली तर चांगल्या भावानं जाते. ओल नाही तिथे काहीच येत नाही, आणि त्या मळ्यांत गुरं मोकळी सुटतात. एकट्यानं तिथे पीक करायचं तर गावाच्या गुरांपासून चार महिने राखण. ती मजुरी तुझ्या कॅमेलिनातून निघेल?

मी : नाही निघणार. मग सडे? वरकस जमिनी?

काका : हा शब्द तुमच्या अहवालात ‘पडीक’ म्हणून येतो ना? वरकसात माझा बाप पहिल्या वर्षी नाचणी करायचा, दुसऱ्या वर्षी वरी, मग कारळे किंवा तीळ, आणि मग जमीन विसावायला सोडायचा. ती विसावलेली असायची, पडीक नसायची. आणि सडा म्हणशील तर पावसात तिथे गुरं चरतात, फुलं येतात, पाणी मुरतं आणि खालच्या विहिरी भरतात. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. तिथे लागवड करायची म्हणजे सुरुंग लावून खड्डे मारायचे आणि बाहेरून माती आणायची. हापूससाठी लोक करतात, कारण हापूस तो खर्च देतो. जळाऊ तेल देईल?

मी : कातळशिल्पांची नावं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आहेत. तिथे कोणी हात लावू नये, हे मलाही मान्य आहे. विमान इंधनाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही १ जानेवारी २००८ नंतर जंगल किंवा पाणथळ मोडून केलेल्या शेतीतला माल बाद होतो. जमिनीबद्दल तुम्ही म्हणता ते मी मान्य करते, काका. नवी जमीन नको. मग उरतात झाडं. बांधावरची, ओढ्याकाठची, खाडीकाठची. करंज आणि उंडी.

काका : हां. आता तू रत्नागिरीत आलीस.

इथे काकांनी हातोडी खाली ठेवली. मी चहा आणला. काका करंजाविषयी बोलायला लागले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. करंज शेंगवर्गीय, मुळांवर गाठी असतात, जमिनीत नत्र धरून ठेवतो. खाऱ्या वाऱ्यात आणि ओढ्याच्या कडेला सारखाच टिकतो. बी कडू, म्हणून वानर त्याच्या वाटेला जात नाही. गेल्या वीस वर्षांत आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांनी वानरांमुळे आणि डुकरांमुळे शेती सोडली. त्या गावात वानरानं न खाल्लेलं पीक ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला कुठल्याच अहवालात वाचायला मिळालं नव्हतं.

मी : मग करंजाचा हिशेब करू. मोठं झाड किती बी देतं?

काका : एकसारखं नाही. कुठलं दहा किलो देतं, कुठलं ऐंशी. सरासरी वीस धर, जास्त धरू नकोस. आणि बी म्हणजे शेंगा फोडून काढलेलं बी. एक बाई दिवसभर शेंगा वेचून, वाळवून, झोडून पंधरा किलो बी काढते. तिची मजुरी ५०० रुपये. म्हणजे किलोला ३३ रुपये नुसती मजुरी.

मी : केंद्रानं २०२० साली वनोपजांचे हमीभाव वाढवले, तेव्हा करंज बी किलोला २२ रुपये ठरलं.

काका : २२ नं पंधरा किलोचे ३३० झाले. काजूच्या कारखान्यात सावलीत बसून तिला याहून जास्त मिळतात. ती उन्हात का येईल? बी झाडाखाली कुजतं ते आळसामुळे नाही. वेचणं परवडत नाही म्हणून कुजतं.

मी : मग ३५ धरू. शंभर किलो बी, ३,५०० रुपये. गाळप किलोला ५, म्हणजे ५००. एकूण ४,०००. एक्स्पेलरवर तेल निघेल २५ किलो. म्हणजे तेल पडलं १६० रुपये किलो. आता कारखान्याकडून बघू. एक किलो तेलातून साधारण पाऊण किलोच्या वर इंधन मिळतं, पण त्यातलं विमानाचं निम्म्याच्या आसपास. बाकी डिझेल, नाफ्था, गॅस. एक लिटर विमान इंधन म्हणजे ८०० ग्रॅम, त्याला १ किलो ६०० ग्रॅम तेल लागेल. १६० च्या भावानं २५६ रुपये फक्त तेलाचे. हायड्रोजन, यंत्रं, वाहतूक वेगळी. साधं इंधन ९० ला असताना…

काका : थांब. पेंड कुठे गेली?

मी : पेंड?

काका : शंभर किलो बी घातलंस, पंचवीस किलो तेल काढलंस. उरलेलं कुठे गेलं? सत्तर किलो पेंड निघते. मी तीनशे कलमांना आळ्यात पाच-पाच किलो करंज पेंड घालतो. नत्र मिळतं, आणि वाळवी, हुमणी जरा लांब राहते. ती दीड टन पेंड मी घाटावरून विकत आणतो, पोतं उतरेपर्यंत किलोला २५ रुपये पडते. साडेसदतीस हजार रुपये दर वर्षी. इथल्या करंजाचं बी इथे कुजतं आणि पेंड घाटावरून येते. हे तुझ्या कागदात आहे?

नव्हतं. माझ्या कागदात पेंड ‘उपउत्पादन’ या रकान्यात एका ओळीत होती, आणि तिचा भाव शून्य धरलेला होता, कारण कारखान्याच्या दारात त्या पेंडीला गिऱ्हाईक नसतं. गिऱ्हाईक बागेत असतं. मी नवा कागद घेतला.

मी : सत्तर किलो पेंड, २५ रुपयांनी १,७५०. चार हजारांतून वजा केले तर उरतात २,२५०. पंचवीस किलो तेलाला भागले तर ९० रुपये किलो. काका, १६० चं तेल ९० वर आलं! एक लिटर विमान इंधनाला तेलाचा खर्च २५६ वरून १४४. हिरवं इंधन साध्याच्या दुप्पट-तिप्पट भावानं विकलं जातं, म्हणजे १८० ते २७०. १४४ ला जागा आहे, २५६ ला नाही.

काका : आता माझ्या बागेचं कर. दीड टन पेंडीला बी किती?

मी : साधारण २,१४० किलो. तुमच्या सरासरीनं १०७ झाडं. तेल निघेल ५३५ किलो, ९० नं ४८ हजार. पेंडीचे वाचलेले साडेसदतीस हजार. एकूण साडेपंच्याऐंशी. खर्च : बी ७५ हजार, गाळप पावणेअकरा हजार. साडेपंच्याऐंशीच्या आसपासच. म्हणजे तुमच्या हातात नफा काही नाही.

काका : नफा नाही, पण ७५ हजार कोणाला गेले?

मी : वेचणाऱ्या बायांना. १४० दिवसांची मजुरी.

काका : फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, वाडीतच. आणि मला घाटावरच्या पेंडीच्या भावाची चिंता नाही. मला हा हिशेब पटतो, कारण यात कोणी मला श्रीमंत करत नाहीये. तो मोगली एरंडवाला एकरी लाखाच्या गोष्टी सांगत होता.

मी : पण मग विमानाचं काय? मला तेही बघायला हवं. मुंबई-दिल्ली एका फेरीला साधारण पाच टन इंधन लागतं. ते सगळं करंजाचं करायचं म्हटलं तर दहा टन तेल, चाळीस टन बी, २,००० झाडांचं वर्षाचं पीक. एका फेरीला. सगळ्या देशाच्या विमान इंधनात १ टक्का मिसळायचं तर वर्षाला १४ कोटी लिटर लागेल असं केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांनी मे २०२३ मध्ये सांगितलं होतं. सगळं करंजावर टाकलं तर साडेचार कोटी झाडं होतात.

काका : म्हणजे विमानं काही करंजावर चालायची नाहीत.

मी : नाही. आणि आज चालतायत तीही करंजावर नाहीत. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला ऑगस्ट २०२५ मध्ये विमान इंधनाचं प्रमाणपत्र मिळालं, वर्षाला ३५,००० टनांसाठी. तिचा कच्चा माल वापरलेलं खाद्यतेल. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला जे विमान गेलं त्यातलं देशी इंधन पुण्याच्या प्राज कंपनीनं अल्कोहोलपासून केलेलं, म्हणजे मुळात उसाचं. तळणीचं तेल एका शहरातून टँकरभर गोळा होतं आणि ऊस कारखान्याच्या दारात येतो. करंज शंभर वाड्यांतून, पोत्या-पोत्यानं गोळा करावा लागेल.

काका : आणि एवढ्या थोड्या मालासाठी कंपनी इथे येईल कशाला?

मी : पोतं आणायला येणार नाहीच. पण तालुक्याला एक एक्स्पेलर असेल आणि तिथे तेलाचे पिंप साठत असतील तर टँकर येईल. बी दूर न्यायचं म्हणजे भाड्यात पाऊण वजन पेंडीचं जातं. तेल इथे गाळलं तर वाहतूक पावपट आणि पेंड जागेवर. प्रमाणपत्रासाठी माल कुठल्या झाडाचा, कुठल्या वाडीचा याची नोंद लागते. ती एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही, गटाला परवडते. बचतगट आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. त्यांनी घाणा चालवावा.

काका : सातबाऱ्यावर माझ्यासकट बावीस नावं आहेत, त्यातली सोळा मुंबईत. करारावर सही कोणाची घेशील?

मी : जमिनीचा करार नकोच. बियांचा करार. जी बाई बी घेऊन येईल तिच्या नावावर वजन, तिच्या खात्यात पैसे. झाड बांधावरचं असो की ओढ्याकाठचं.

काका : हे चालेल. रिफायनरीवरून नाणार झालं, बारसू झालं. इथे तेलाचा कारखाना म्हटलं की माणसं आधी जमिनीचा नकाशा मागतात, आणि त्यांचं चुकत नाही. जमीन न मागता कोणी आलं तर ऐकून घेतील. पण माझ्या अटी लिही.

मी : सांगा.

काका : पहिली, भाव बियांचा आधी ठरायचा, फाल्गुनाच्या आत, आणि तो मजुरीला बांधलेला असायचा. मजुरी वाढली की भाव वाढला पाहिजे. तुमच्या विमानाच्या तेलाचा भाव दर महिन्याला खाली-वर होतो, ती जोखीम कंपनीची. दुसरी, पेंड तालुक्याबाहेर जाणार नाही. आधी वेचणाऱ्यांना आणि बागायतदारांना, उरली तर बाहेर. तिसरी, कलम, मळा, सडा, यातलं काहीही मोडून लावलेल्या झाडाचं बी घ्यायचं नाही. भाव चांगला मिळतो म्हणून उद्या कोणी कुळथाच्या मळ्यात करंज लावील, तर तो माल परत पाठवायचा. चौथी, कंपनी नाही आली तरी घाणा चालला पाहिजे.

मी : चौथी कशी पाळणार? विमानाचा भाव नसेल तर तेल कोण घेईल?

काका : फवारणीला. करंजाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून तुडतुड्यांवर मारतात, मीही मारतो. साबणवाले घेतात, वंगणवाले घेतात. कमी भावानं घेतील, पण घेतील. मोगली एरंडाच्या वेळी हेच चुकलं. त्या बियांचं दुसरं काही करता येईल असं कोणी शिकवलंच नव्हतं. एकच गिऱ्हाईक असलेलं पीक लावायचं नाही, हे माझ्या बापानं मला सांगितलं होतं आणि मी ते एकदा विसरलो.

मी : काका, मी आजवर असं मांडत होते की शेतकऱ्यानं इंधनासाठी पीक घ्यावं, पेंड वर मिळेल. तुम्ही उलटं मांडताय. पेंडीसाठी झाड लावायचं, तेल वर मिळेल.

काका : झाड मी लावणार, तर कशासाठी लावायचं ते मीच ठरवणार ना? करंज धरायला पाच-सहा वर्षं, चांगला धरायला दहा. मी आज सत्तरीत आहे. दहा वर्षांनी तुझी कंपनी कुठे असेल मला माहीत नाही. तुझे ते नियम काय असतील माहीत नाही. कलमांना पेंड लागेल, हे मला माहीत आहे.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर द्यावं असं वाटलंही नाही. ही चर्चा आम्ही सभागृहांतून करतो तेव्हा प्रश्न असा मांडतो : इंधनाला इतके लाख टन तेल लागेल, तर इतकी जमीन कुठून आणायची? काकांनी प्रश्न असा मांडला : या वाडीत किती बी कुजतंय, ते वेचणाऱ्या बाईला किती दिले तर ती येईल, आणि गाळल्यावर वाडीत काय उरेल? पहिल्या प्रश्नातून २००३ चे कोटी हेक्टरांचे आराखडे निघाले. दुसऱ्यातून विमानतळ भरणार नाहीत. त्यातून एका तालुक्याचा घाणा चालेल, शे-दोनशे बायांना कोरड्या दिवसांत मजुरी मिळेल, बागांना खत मिळेल आणि काही टँकर तेल आकाशाच्या कामी येईल. विमानांचा मोठा वाटा तळणीच्या तेलातून, अल्कोहोलमधून आणि आणखी कशाकशातून यायचा आहे. कोकणातल्या शेतकऱ्याच्या खांद्यावर तो टाकू नये. मी हे इंधनाच्या बाजूनं काम करणारी बाई म्हणून लिहिते आहे, आणि हे म्हणताना माझा या कामावरचा विश्वास कमी झालेला नाही. तो आता बांधावरच्या करंजाएवढा झाला आहे. तो मला दिसतो, मोजता येतो.

चार वाजता वारा फिरला. काका उठले, आम्ही दोघांनी सुपं उचलून आत घेतली. उंडीचा गर अजून पुरता तांबूस झाला नव्हता, अजून आठवडाभर ऊन हवं होतं, आणि ते मिळेल असं दिसत नव्हतं. चुलीवरच्या माळ्यावर टाकू, काका म्हणाले, धुरानं वाळेल. मग मागच्या दारी गेले आणि गोणपाटाखालची एक टोपली घेऊन आले. तिच्यात ओढ्याकाठच्या जुन्या करंजाच्या शेंगा होत्या, त्याच झाडाच्या, जे दर वर्षी ऐंशी किलो देतं. निवडून, एकसारख्या चपट्या, तपकिरी.

“पहिला पाऊस पडला की टाकायच्या,” ते म्हणाले. “चाळीस पिशव्या आहेत. वरच्या बांधाला चाळीसच बसतात. तुझा कागद घडी करून पंचांगात ठेव. पेंडीचा रकाना पहिला लिही, तेलाचा मागून.”

मी तो तसा पुन्हा उतरवून काढला आणि पंचांगात ठेवला.